खिडकीतला पेला

परवा आमच्या बचत गटाची महिन्याची बैठक माझ्याच घरी होती. एरवी आम्ही वस्तीतल्या समाजमंदिरात जमतो, पण तिथे रंगकाम चाललं होतं. म्हटलं, या माझ्याकडे. बारा जणी आल्या. हप्ते जमा झाले, वहीत नोंदी झाल्या, कर्ज आधी कुणाला द्यायचं यावर नेहमीसारखी थोडी वादावादी झाली आणि मी चहा टाकला.

माझ्याकडे सकाळी भांडी घासायला जी बाई येते, तीही आमच्या गटाची सभासद आहे. मी ट्रेमध्ये कप मांडत गेले. सगळे चिनी मातीचे, आणि त्यांच्या शेजारी एक स्टीलचा पेला. हा पेला आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पालथा घातलेला असतो. तो तिचा. माझा हात आपोआप तिकडे गेला, मला कळलंसुद्धा नाही. ट्रे फिरला. तिने बरोब्बर तोच पेला उचलला. कोणी काही बोललं नाही, तीही नाही. गप्पा चालूच राहिल्या.

सगळ्या गेल्यावर मात्र मला चैन पडेना. गेली कितीतरी वर्षं मी वस्त्यांमधून फिरते, बायकांना एकत्र आणते, सगळे सारखे म्हणून चार शब्दही बोलते. आणि माझ्याच खिडकीत हा पेला! सासूबाईंच्या काळापासून आहे, मी फक्त तो पुढे चालवला, अशी स्वतःची समजूत घालून पाहिली. जमलं नाही. रात्री कपाटातून एक जुनं पुस्तक काढलं. बी.ए.ला मराठी होतं तेव्हा वाचलेलं, लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. तेव्हा आम्ही मैत्रिणी ते खो खो हसत वाचायचो. या वेळी हसू यायचं, पण मध्येच थांबायचं. कारण या बाईंच्या आयुष्याची सगळी लढाई अशा एखाद्या पेल्याशीच तर होती.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले, घरात सगळे मनू म्हणायचे. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत इंग्रजांनी फाशी दिलं होतं. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने घर केलं. साधं सोवळं नव्हे हो, अगदी वेड म्हणावं असं. बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. मुलं कुणाला शिवली, कुठे बसली, यावर सतत पहारा. त्या पहाऱ्यात आईचा आणि मुलांचा किती छळ झाला असेल, याची कल्पना आपण करू शकतो. लक्ष्मीबाई मात्र ते सांगताना वडिलांवर दात काढत नाहीत. हसत हसत सांगतात. पण हे सोवळं त्यांच्याही अंगात मुरलं होतंच. लहानपणी जे अंगात मुरतं, ते एका व्याख्यानाने निघत नाही, हे मी स्वतःवरून सांगते.

१८८० साली, अकरा-बारा वर्षांच्या असताना, त्यांचं लग्न नारायण वामन टिळकांशी झालं. टिळक मूळचे कोकणातले, दापोलीकडच्या करजगावचे, वयाने सहा-सात वर्षांनी मोठे. माणूस विद्वान, संस्कृत उत्तम, कविता करणारा, कीर्तन-पुराण रंगवणारा. आणि संसाराच्या दृष्टीने म्हणाल तर अवघड! डोक्यात काही आलं की उठून चालू लागायचे. कुठे गेले, कधी येतील, घरात कुणाला पत्ता नाही. नोकरी धरली की सुटली. बाजारात पाठवावं तर हातातले पैसे वाटेतल्या कुणा गरजूला देऊन किंवा भलतीच वस्तू घेऊन परत यायचे. रागही तितकाच तापट. लक्ष्मीबाई कधी सासरी, कधी माहेरी, कधी बहिणीकडे. बिऱ्हाड मांडायचं, मोडायचं, पुन्हा मांडायचं. पोटची मुलंही त्यांनी गमावली. पण नवऱ्याने शिकवलं म्हणून त्या घरच्या घरी वाचायला-लिहायला शिकल्या, एवढं मात्र त्या संसाराने दिलं. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

आता आपल्या नागपूरचा संबंध. टिळक फिरत फिरत नागपूरला आले ते इथले धनिक अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाला. बुटींना जुन्या संस्कृत धर्मग्रंथांचं काम करून घ्यायचं होतं आणि टिळकांसारखा माणूस त्या कामाला अगदी योग्य होता. ‘ऋषी’ नावाचं मासिकही त्यांनी चालवलं. वेद काय सांगतात, धर्म कशासाठी, जातिभेद कशाला, असे प्रश्न त्यांच्या डोक्यात याच काळात घुमत होते. आज सीताबर्डीवरून जाताना बुटी हे नाव कानावर पडलं की मला हे सगळं आठवतं.

पुढे टिळकांना राजनांदगावच्या संस्थानात काम मिळालं. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांची एका गोऱ्या साहेबाशी गाठ पडली. गप्पा कवितेवरून धर्मावर गेल्या आणि उतरताना साहेबाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला. आपल्या हावडा लाइनवरचा एक साधा प्रवास, आणि एका माणसाचं सगळं आयुष्यच रूळ बदलून गेलं. टिळक वाचत गेले, पत्रव्यवहार करत गेले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत भायखळ्याच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बायकोला न विचारता.

मैत्रिणींनो, इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. टिळक थोर होते यात शंका नाही. त्यांना जे पटलं त्याच्यासाठी त्यांनी घरदार, मानमरातब, नातीगोती सगळं पणाला लावलं. पण पणाला लागलेल्या त्या सगळ्यात एक बाई आणि तिचं लहान मूलही होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं. नवरा जिवंत, पण त्याच्या घरी जाता येत नाही. धड सवाशीण नाही, धड विधवा नाही. लोक भेटायला यायचे ते रडायलाच. लक्ष्मीबाईंची प्रकृती ढासळली, डोक्यावर परिणाम होतो की काय असं वाटण्यापर्यंत पाळी आली. नातलगांनी त्यांना सांभाळलं. पंढरपुरात राहून त्यांनी विठोबाच्या पायाशी मन रमवायचा प्रयत्न केला. गंमत पाहा, त्या दुःखातच त्यांना पहिली कविता सुचली. ज्या बाईला अक्षरं लावून वाचताना कष्ट पडायचे, ती कविता करू लागली.

चार-पाच वर्षं अशी गेली. मग त्यांनी ठरवलं, नवऱ्याजवळ जायचं. पण धर्म बदलायचा नाही. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्या टिळकांकडे आल्या त्या स्वतःचं सोवळं बरोबर घेऊन. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, भांडी वेगळी. एकाच संसारात दोन चुली! आणि इथे टिळकांचं मला फार मोठेपण वाटतं. ज्या माणसाने एवढा मोठा निर्णय बायकोला विचारल्याशिवाय घेतला, तो या वेळी मात्र थांबला. त्याने जबरदस्ती केली नाही. तिला तिच्या गतीने चालू दिलं. चुकलेला माणूस सुधारतो तो असा, बोलून नव्हे, वागून.

लक्ष्मीबाई कशा बदलल्या? प्रवचन ऐकून नाही. त्या रोज पाहत होत्या, अनुभवत होत्या. ज्यांना शिवायचं नाही अशी त्यांची पक्की समजूत होती, ती माणसं अडीनडीला धावून येत होती. मुलं तर कुणाचीही कुणाच्याही मांडीवर बसत होती. सोवळं सांभाळायचं तर रोज कुणाचं ना कुणाचं मन दुखवायचं, असा सौदा होऊन बसला. एक दिवस त्यांनी स्वतःशीच विचार केला, माणसं देवाने केली, मग जाती कोणी केल्या? उत्तर त्यांचं त्यांनाच मिळालं. त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्याही हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. ख्रिस्ती धर्माबद्दल पटणं त्यानंतरचं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे आधी पाण्याचा माठ बदलला, मग धर्म. वडिलांच्या घरातलं ते सोवळं तीस वर्षांनी अंगावरून उतरलं.

आणि एकदा उतरलं ते उतरलंच. तो काळ दुष्काळाचा आणि प्लेगचा होता. घरोघर मुलं अनाथ होत होती. टिळक कुठूनही मूल उचलून आणायचे आणि लक्ष्मीबाईंच्या पुढ्यात ठेवायचे. कुणाच्या जातीचं, कुणाच्या गावचं, काही विचारायचं नाही. घरात धान्य आहे की नाही, तेही विचारायचं नाही! लक्ष्मीबाई आधी चिडायच्या आणि मग त्या मुलाला न्हाऊ-माखू घालायच्या. प्लेगच्या छावणीत जाऊन त्यांनी रोग्यांची सेवा केली. तिथे कुणाला हात लावायचा नि कुणाला नाही, असा हिशेब ठेवायला वेळ होता कुणाला! आपले बालकवी ठोमरेही या घरात मुलासारखे राहिले. टिळकांना फुलांमुलांचे कवी म्हणतात. पण फुलांना पाणी आणि मुलांना जेवण कोण देत होतं, हे आपण बायकांनी विसरू नये.

आता दुसरी गोष्ट, मला जास्त महत्त्वाची वाटणारी. धर्म बदलला म्हणून या दोघांनी आपली भाषा, आपलं गाणं, आपला पेहराव सोडला नाही. त्या काळी ख्रिस्ती होणं म्हणजे साहेब होणं अशी लोकांची समजूत होती. चर्चमधली गाणी इंग्रजी चालीवर, मराठी शब्द त्यात कसेबसे कोंबलेले. टिळकांना हे मान्य नव्हतं. ज्ञानोबा-तुकोबांच्या मातीत वाढलेल्या माणसाला देव भेटायचा तर तो त्याच्याच भाषेत भेटला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते मानत. म्हणून त्यांनी येशूवर अभंग लिहिले, भजनं लिहिली, टाळ-मृदंगावर कीर्तनं केली. गावातला माणूस, जो चर्चची पायरी चढला नसता, तो कीर्तनाला येऊन बसायचा. आपल्या विदर्भात गाडगेबाबांनी कीर्तनातून झाडू हातात दिला, तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर ग्रामसुधारणा शिकवली, हे आपण जाणतोच. वाट वेगळी असली तरी मर्म तेच. लोकांना शहाणं करायचं तर आधी त्यांच्या ओट्यावर बसता आलं पाहिजे.

टिळकांची गाणी आजही मराठी चर्चमध्ये म्हटली जातात, आपल्या नागपुरातही. माझ्या ओळखीच्या एका ख्रिस्ती कुटुंबात नाताळला गेले होते. आजीबाई भजन म्हणत होत्या, हातात झांजा. डोळे मिटले असते तर मला वाटलं असतं, एकादशीचं भजन चाललंय.

१९१२ पासून टिळक ‘ज्ञानोदय’ची मराठी बाजू सांभाळत होते. १९१७ मध्ये मात्र त्यांनी परदेशी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले असोत वा नसोत, ख्रिस्ताच्या मागे चालू पाहणाऱ्या सगळ्यांना त्यात जागा होती. मोठी कल्पना होती, पण आयुष्य पुरलं नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला. मरतानाही माणूस इथलाच राहिला.

लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या. आपल्याकडे बाई पन्नाशीला आली की आता देवदेव कर असं सांगतात. लक्ष्मीबाईंनी खरंच देवाचं काम केलं, पण हात जोडून बसून नव्हे. मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था पाहिली. मुलाबरोबर कराचीला जाऊन राहिल्या, तिथेही माणसं जोडली. स्वतः उभं राहून कीर्तनं केली. बाईने कीर्तन करायचं, तेही ख्रिस्ताचं, आणि ऐकायला सगळ्या धर्माचे लोक! टिळकांनी येशूच्या चरित्रावर ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य लिहायला घेतलं होतं. दहा-बारा अध्यायांच्या आतच ते राहून गेलं. ते लक्ष्मीबाईंनी हातात घेतलं आणि चौसष्ट अध्याय लिहून काढले. शाळेत न गेलेल्या बाईने! जात्यावर बसून आपल्या आज्या-पणज्या ओव्या म्हणायच्या, त्याच ओवीत त्यांनी बेथलेहेमची गोष्ट सांगितली.

नागपूरला भरलेल्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांना मिळालं. ज्या गावात एकेकाळी नवऱ्याच्या लहरीमागे बिऱ्हाड घेऊन आल्या होत्या, त्याच गावात त्या अध्यक्ष म्हणून आल्या. त्यांच्या मनात काय आलं असेल, कोण जाणे. मला वाटतं, त्यांना हसूच आलं असेल.

‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि उभ्या महाराष्ट्राने तो डोक्यावर घेतला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाई गेल्या. राहिलेलं लेखन त्यांच्यामागे पूर्ण झालं. आजही मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांची नावं घ्यायची झाली तर हे पुस्तक पहिल्या दोन-चारांत येतं. कारण त्यात कुठे मोठेपणाचा आव नाही. आपली फजिती, आपलं अज्ञान, आपला राग, आपलं सोवळं, सगळं त्यांनी उघड मांडलं. आपण किती चुकलो हे त्यांनी लपवलं नाही, म्हणून त्या किती बदलल्या हे आपल्याला दिसतं.

पुस्तक मिटलं आणि मी स्वयंपाकघरात गेले. पेला खिडकीत होता तसाच पालथा. धुतला आणि आमच्या पेल्यांच्या रांगेत ठेवून दिला. एवढं सोपं होतं. अवघड होतं ते सकाळी सासूबाईंना सांगणं. त्या दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. लक्ष्मीबाईंना तीस वर्षं लागली, सासूबाईंचं तर वय सत्त्याऐंशी. जिला मी तो पेला देत होते तिला काय सांगावं, हेही मला सुचेना. दुसऱ्या दिवशी चहा दिला तो साध्या कपात. तिने एकदा कपाकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे, आणि गुपचूप चहा प्यायली. मी म्हटलं, इतकी वर्षं माझं चुकलंच. ती काही बोलली नाही. कप मात्र नेहमीसारखा स्वतःच विसळायला घेतला. मी तो तिच्या हातून घेतला.

या महिन्याची बैठक तिच्या घरी झाली. दहा बाय दहाची खोली, आम्ही सगळ्या दाटीवाटीने बसलेल्या. चहा आला. बाकीच्यांना साधे पेले आणि माझ्यापुढे एक नवा कोरा, सोनेरी काठाचा कप. शेजारणीकडून मागून आणला होता, खास माझ्यासाठी. तिच्या मनात मान होता, माझ्या मनात त्या वेळी काय काय आलं ते सांगता येत नाही. वेगळा कप शेवटी वेगळाच. मी तिला म्हटलं, मला पण त्यांच्यासारखाच पेला दे. ती आधी लाजली, मग हसली, आणि फळीवरचा एक पेला काढून माझ्यापुढे ठेवला.

मैत्रिणींनो, आपण मोठमोठी कामं करतो, मोर्चे काढतो, व्याख्यानं देतो. ती करावीतच. पण आज संध्याकाळी एकदा आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत डोकावून पाहा. तिथे काही पालथं ठेवलेलं आहे का?